आंबट कशाला, सोडा कशाला, रिठा कशाला: घरच्या घरी सफाईची द्रावणं

आमच्या स्वयंपाकघरात ओट्याखालच्या कोटा फरशीवर एक फिकट, खरखरीत गोल आहे, बाटलीच्या बुडाएवढा. संत्र्याच्या साली गूळ-पाण्यात आंबवून केलेल्या सफाईच्या द्रावणाची, म्हणजे बायोएन्झाइमची, बाटली मी तिथे ठेवली होती. ती बुडाशी जराशी झिरपत होती, हे लक्षात यायला दोन दिवस लागले. तोवर फरशीची चकाकी गेली ती गेलीच. तेव्हापासून घरगुती सफाईची कुठलीही कृती वाचली की मी आधी एकच गोष्ट पाहते: यात काम करणारी वस्तू आंबट आहे, सोड्याच्या जातीची आहे, की फेसाची आहे? आणि समोरची घाण यांपैकी कोणाला दाद देणार आहे?

एवढं कळलं की निम्म्या कृती पाठ करायची गरजच उरत नाही.

आंबट वस्तू म्हणजे चिंच, लिंबू, आमसूल, व्हिनेगर, लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) आणि बायोएन्झाइम. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग, तांब्या-पितळेवरचा काळेपणा, कमोडमधला पिवळा थर ही त्यांची कामं. सोड्याच्या जातीत खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि चुलीची राख येते. तेल, तूप, चिकटा, जळकट थर हे त्यांच्याकडे द्यायचं. तिसरी जात रिठा-शिकेकाईची. हे पाणी आणि तेल यांची गाठ घालून देतात, म्हणून रोजची भांडी, कपडे, फरशी त्यांच्यावर सोपवता येतात. आपल्या आज्यांनी पितळेला चिंच, तेलकट कढईला राख आणि रेशमी लुगड्याला रिठा ठरवला होता, तो याच हिशेबाने.

आणि म्हणूनच व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बाटलीत भरून ठेवायची जी कृती सगळीकडे फिरते, ती करू नका. दोघे एकमेकांना मारून टाकतात. फसफसताना छान दिसतं, पण फेस बसला की हाती जवळपास खारट पाणीच उरतं. शिवाय झाकण घट्ट लावलेलं असेल तर आतल्या वायूने बाटली फुटू शकते.

सुरू करण्याआधी

ही द्रावणं घरात आली की जुन्या बाटल्याही काही दिवस शेजारीच असतात, आणि खरा धोका तिथे आहे. ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर पडलेल्या जागी लिंबूफूल, व्हिनेगर, बायोएन्झाइम यांतलं काहीही ओतायचं नाही. आंबट वस्तू आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तो डोळे आणि छाती जाळतो, आणि आपली न्हाणीघरं लहान व बंदिस्त असतात. बाजारच्या टॉयलेट क्लीनरमध्येही तीव्र आम्ल असतं, तेव्हा त्यालाही ब्लीचजवळ नेऊ नका. घरात मदतीला येणाऱ्या ताईंना हे स्वतः समजावून सांगा, कारण बाटल्या त्यांच्याच हाताळण्यात असतात.

दुसरं म्हणजे मुलं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं केशरी बायोएन्झाइम हुबेहूब सरबतासारखं दिसतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात नाव आणि तारीख लिहायची आणि ती उंच फळीवर ठेवायची.

आणि घरात कोणाला उलट्या-जुलाब होत असतील, तर संडास आणि नळाच्या मुठी निर्जंतुक करायला रिठा किंवा सालींच्या पाण्यावर विसंबू नका. ही द्रावणं घाण काढतात, पण जंतू मारण्याची खात्री देत नाहीत. त्या आठवड्यापुरतं पाण्यात पातळ केलेलं ब्लीच वापरा, एकटंच, खिडकी उघडी ठेवून.

रिठ्याचं पाणी

एकच गोष्ट करून पाहायची असेल तर ही करा. किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीवाल्याकडे रिठे मिळतात. बिया काढलेले घेतले तर वजनात फसगत होत नाही, कारण काम फक्त सालीचं असतं. आतली काळी टणक बी उपयोगाची नाही. अख्खे रिठे आणले असतील तर बत्त्याने हलकेच ठेचून बिया वेगळ्या करा.

100 ग्रॅम रिठ्याच्या साली स्टीलच्या मोठ्या पातेल्यात 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला. पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका. रिठा उकळताना दुधासारखा वर येतो आणि गॅस विझवतो. सकाळी मंद आचेवर वीसेक मिनिटं उकळा. आच बंद करून पूर्ण गार होऊ द्या, मग हाताने साली चांगल्या कुस्करा. खरा रस इथेच सुटतो, त्यामुळे घाई करू नका. सुती फडक्यातून गाळून घट्ट पिळा. उरलेल्या चोथ्यात आणखी अर्धा लिटर पाणी घालून पुन्हा उकळलं की दुसरं, पातळ पाणी निघतं. ते फरशीसाठी. कुस्करताना तोच हात डोळ्याला लागू देऊ नका, फार झोंबतं.

हे पाणी टिकत नाही, आणि बरेच जण नेमके इथेच कंटाळून सोडून देतात. बाहेर ठेवलं तर उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबूस वास येतो. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतं. लिटरमागे चमचाभर लिंबूफूल घातलं तर आणखी काही दिवस मिळतात. मी बर्फाच्या ट्रेमध्ये त्याच्या वड्या गोठवते आणि रोज सकाळी तीन-चार वड्या भांड्याच्या वाडग्यात टाकते. ट्रे मात्र वेगळा ठेवा, सरबताचा नको.

भांड्यांसाठी वाटीभर रिठ्याच्या पाण्यात तितकंच साधं पाणी घालून घासणी त्यात बुडवायची. फेस कमी येतो. सुरुवातीला वाटतं, भांडं निघालंच नाही. धुऊन बोट फिरवून पाहा. फेस म्हणजे सफाई, ही सवय आपल्याला साबणाच्या वडीने लावली आहे. फार तुपकट भांडं आधी ज्वारीच्या पिठाच्या चाळाने किंवा कोंड्याने कोरडंच पुसून घ्या. निम्मं तूप तिथेच निघून जातं आणि मोरीचा पाइपही तुंबत नाही.

बोअरचं जड पाणी असलेल्या घरांना रिठ्याचा आणखी एक फायदा आहे. जड पाण्यात साबणाची चिकट, करडी साय तयार होते आणि तीच बादलीला, कपड्याला बसते. रिठ्यातल्या सॅपोनिनची, म्हणजे फेस आणणाऱ्या घटकाची, तशी साय होत नाही. रेशमी साडी, लोकरीची शाल, सोन्याचे दागिने यांना तर रिठ्याइतकं मऊ दुसरं काही नाही. साडी गार पाण्यात, जरा जास्त पातळ केलेल्या रिठ्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायची, न पिळता उचलायची आणि सावलीत वाळवायची. पहिल्यांदा आतल्या काठाचा कोपरा भिजवून रंग जातो का ते पाहा. वॉशिंग मशीनसाठी सहा-सात साली जुन्या मोज्यात बांधून कपड्यांबरोबर टाका. मातीने माखलेल्या शाळेच्या गणवेशाला एवढं पुरत नाही, तो आधी धुण्याच्या सोड्यात भिजवावा लागतो.

इंद्रायणीवर आळंदीला तरंगणारा पांढरा फेस आपण दर काही महिन्यांनी फोटोंत पाहतो. त्या सांडपाण्यात आपल्या मोरीचाही वाटा असतो, आणि रिठा वापरण्यामागे माझ्या मनात तो आहे. पण रिठ्याचं पाणीही ओढ्यात किंवा तळ्यात ओतू नका. सॅपोनिन मातीत विघटित होतं, तरी थेट पाण्यात गेलं तर माशांना घातक ठरतं. आळूच्या किंवा केळीच्या आळ्यात गेलेलं बरं.

सालींचं बायोएन्झाइम

थायलंडच्या डॉ. रोसुकॉन पूम्पानवाँग यांच्यामुळे हे जगभर पसरलं. प्रमाण सगळीकडे तेच आहे: 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी, आणि मुदत 90 दिवस. नावात एन्झाइम असलं तरी सफाईचं बरंचसं काम आंबण्यातून तयार झालेली आम्लं करतात. ते आंबट गटातलं आहे हे विसरलं की काय होतं, ते आमच्या फरशीवर दिसतं.

नागपुरी संत्री बाजारात उतरतात त्या दिवसांत हे करायला घ्या. डिसेंबरात लावलेली बाटली होळीपर्यंत तयार होते. मोसंबी, लिंबू, संत्री कुठल्याही साली चालतात. मीठ, तेल, मसाला लागलेल्या मात्र चालत नाहीत, त्यामुळे लोणच्याच्या फोडी नकोत.

1. 2 लिटरची प्लॅस्टिकची बाटली किंवा रुंद तोंडाची बरणी घ्या. काच नको. आत वायू साचतो आणि काच फुटली तर इजा होते.
2. 100 ग्रॅम गूळ 1 लिटर साध्या पाण्यात विरघळवा. काळसर, स्वस्त गूळ उत्तम.
3. 300 ग्रॅम साली बोटाएवढ्या चिरून घाला. बाटलीचा वरचा चौथा भाग तरी रिकामा राहिला पाहिजे.
4. झाकण लावून तारीख लिहा आणि बाटली सावलीत, ताटलीत ठेवा. ताटली विसरू नका.
5. पहिला महिनाभर रोज एकदा झाकण सैल करून वायू जाऊ द्या. वर आलेल्या साली चमच्याने खाली ढकला. दुसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, तिसऱ्यात एकदा पुरे.
6. 90 दिवसांनी गाळा. चोथा खतात घाला, किंवा त्यातला थोडा पुढच्या बाटलीत विरजण म्हणून टाका.

पहिल्या महिन्यात गावाला जायचं असेल तर बाटली लावूच नका. एकदा घट्ट झाकणाची बाटली चार दिवस तशीच राहिली आणि बुडाने फुगून आडवी झाली होती.

वर पांढरी साय धरली तर घाबरू नका, ढवळून घ्या. वास आंबट-गोडसर, व्हिनेगरला संत्र्याची साल लावल्यासारखा यायला हवा. काळी किंवा हिरवी बुरशी दिसली, कुजका वास आला, तर ती बाटली मी खतात ओतते. गूळ घालून ती वाचवता येते असं सांगतात, पण सडलेल्या वासाने ओटा पुसायची माझी इच्छा होत नाही.

तयार द्रावण वर्षभर सहज टिकतं. ग्रॅनाइटच्या ओट्यासाठी 1 भाग द्रावणाला 10 भाग पाणी घेऊन स्प्रेच्या बाटलीत भरा. सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड टाइलच्या फरशीला 5 लिटरच्या बादलीत 50 मिलिलिटर पुरतं. कमोडमध्ये मात्र पाणी न घालता अर्धी वाटी ओतून रात्रभर ठेवायचं.

फरशी ओळखा

महाराष्ट्रातल्या घरांसाठी हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि कृतींच्या याद्यांत तोच सापडत नाही. शहाबादी, कोटा, कडप्पा आणि संगमरवर हे चारही दगड चुन्याच्या घराण्यातले. आंबट लागलं की विरघळतात. जुन्या वाड्यांत, चाळींत, गावाकडच्या पडवीत शहाबादी असते. कडप्प्याचे ओटे तर घरोघर आहेत. लिंबू पिळून तसंच राहिलं की कडप्प्यावर राखाडी डाग उमटतो, तो यामुळेच.

ओळखता येत नसेल तर फरशीच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात, कपाटामागे, व्हिनेगरचा एक थेंब टाका आणि वाकून पाहा. बारीक बुडबुडे आले तर तो चुन्याचा दगड आहे. लगेच पुसून घ्या. झिलई केलेल्या दगडावर बुडबुडे पटकन दिसत नाहीत. तिथे अर्ध्या मिनिटाने पुसून, वाळल्यावर तिरक्या उजेडात पाहा. चकाकी उतरलेली दिसली की उत्तर मिळालं. या दगडांना बायोएन्झाइम नको, व्हिनेगर नको, लिंबू नको. बादलीभर कोमट पाण्यात रिठ्याचं दुसरं, पातळ पाणी अर्धी वाटी घालून पुसा. चिकटा असेल तिथे चमचाभर खायचा सोडा आणि ओलं फडकं.

टाइल कुठलीही असो, तिच्या फटीतलं सिमेंटही आंबटाने झिजतं. न्हाणीघराच्या भिंतीवर लिंबूफुलाचं पाणी मारून तासभर विसरून जाऊ नका. दहा मिनिटांत घासून भरपूर पाण्याने धुवा.

पांढरे डाग: लिंबूफूल

वाण्याकडे लिंबूफूल किंवा सायट्रिक ॲसिड म्हणून सुटं मिळतं. 1 लिटर कोमट पाण्यात 2 मोठे चमचे. स्टीलचे नळ, बादल्या, शॉवरचं तोंड, काचेचं दार यांच्यावर याच्याइतकं काही चालत नाही. शॉवरचं तोंड काढून अर्धा तास बुडवा, भोकं मोकळी होतात. विजेच्या किटलीत हेच पाणी उकळून पंधरा मिनिटं ठेवा, मग दोनदा साधं पाणी उकळून टाकून द्या. कमोडमध्ये पाण्याच्या रेषेवर पिवळा कडक थर असेल तर रात्री 4 चमचे लिंबूफूल तसंच टाकून सकाळी ब्रशने घासा. लिंबूफूल टाकण्याआधी फ्लश करा, म्हणजे आधीचं क्लीनर उरणार नाही.

पितळी नळ किंवा मुलामा दिलेल्या वस्तूंवर ते जपून वापरा. मुलामा पातळ असेल तर निघतो.

चिकट्याला सोडा आणि राख

एक्झॉस्ट पंख्याची पाती, शेगडीच्या जाळ्या, डब्यांची झाकणं, म्हणजे फोडणीची वाफ वर्षानुवर्षं बसते त्या सगळ्या जागा. बादलीत हाताला सोसेल एवढं गरम पाणी, त्यात 5 लिटरला पाव वाटी धुण्याचा सोडा. हातमोजे घाला. खायच्या सोड्यापेक्षा हा बराच तीव्र असतो आणि कातडी सोलवटते. लोखंडी आणि स्टीलच्या वस्तू अर्धा तास बुडवून ठेवल्या की चिकटा पिवळी साय होऊन सुटतो, कारण तेलाचा त्यात चक्क साबण बनू लागतो. ॲल्युमिनियम यात कधीही घालू नका, काळं पडतं आणि खवलतं. चिमणीच्या काही जाळ्या ॲल्युमिनियमच्या असतात. लोहचुंबक चिकटलं तर नक्की ॲल्युमिनियम नाही, नाही चिकटलं तर रिठ्याच्या गरम पाण्यावर भागवा.

राखेचं कामही याच तत्त्वावर चालतं. गावाकडून आणता आली तर फक्त लाकडाची किंवा गोवरीची राख आणा. प्लॅस्टिक जाळलेल्या शेगडीची नको, दगडी कोळशाचीही नको. पातळ फडक्यातून चाळून घ्या, नाहीतर खडे भांड्यावर ओरखडे काढतात. 2 वाट्या चाळलेली राख आणि अर्धी वाटी रिठ्याची पूड डब्यात कोरडी ठेवा आणि ओल्या सोडणाने घासा. शहरात नारळाचं सोडण फेकून देतात. वाळक्या घोसाळ्याची जाळीही तितकीच चांगली. नॉनस्टिक, काच आणि कल्हई केलेल्या भांड्याची आतली बाजू यांना राख लावू नका.

तांबं, पितळ, चांदी

माझं आजोळ रत्नागिरीकडचं. तिथे जुनी झालेली आमसुलं वेगळ्या बरणीत राहायची, ती तांब्याच्या घंगाळासाठी. बिमलीच्या, म्हणजे बिलिंबीच्या आंबट फळांच्या, दिवसांत बिमली चिरून तिनेच घासायचे. घाटावर हेच काम चिंच करते. लिंबाएवढी चिंच अर्धा तास गरम पाण्यात भिजवा, चमचाभर जाडं मीठ घाला, चोथ्यासकट भांड्यावर चोळा. काळेपणा दोन मिनिटांत उतरतो. यानंतरची घाई महत्त्वाची आहे: लगेच धुवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. आंबट अंश राहिला किंवा भांडं ओलं राहिलं तर दुसऱ्या दिवशी डाग उठतात आणि दोष चिंचेला जातो.

देवाच्या मूर्ती रांगोळीने घासायची पद्धत अजून आहे. रांगोळी म्हणजे दगडाची पूड. तिने चकाकी येते ती धातू झिजून. जुन्या घरांतल्या बाळकृष्णांची नाकं सपाट झालेली पाहिली की वाईट वाटतं. लाखेचं पॉलिश असलेल्या नव्या मूर्तींना चिंचही नको, ओलं फडकं पुरे.

चांदीची रीत वेगळी. पातेल्यात ॲल्युमिनियमच्या फॉइलचा तुकडा पसरा, त्यावर निरांजन, वाटी ठेवा, एकेक चमचा मीठ आणि खायचा सोडा टाका आणि बुडेल एवढं कडकडीत पाणी ओता. चांदी फॉइलला टेकलेली असली पाहिजे. काळेपणा म्हणजे चांदीला चिकटलेलं गंधक, ते चांदी सोडून ॲल्युमिनियमकडे जातं. कुजक्या अंड्यासारखा थोडा वास येईल, खिडकी उघडा. खडे बसवलेले दागिने आणि मुद्दाम काळी झाक दिलेली चांदी यात टाकू नका.

कुठून सुरुवात करावी

सगळं एकदम बदलायला गेलं की पंधरा दिवसांत जुनी बाटली परत येते. घरात आहे ते फेकू नका, ते संपू द्या. पहिल्या शनिवारी रात्री 100 ग्रॅम रिठा भिजत घाला आणि आठवडाभर फक्त भांड्यांना वापरून पाहा. त्याच दिवशी कपाटामागे व्हिनेगरचा थेंब टाकून फरशी ओळखून घ्या. फ्रीजमध्ये एक पिशवी सालींसाठी ठेवा. 300 ग्रॅम साली जमल्या की बाटली लावा, बुडाशी ताटली घाला आणि झाकणावर तारीख लिहा.